वादविवाद स्पर्धेचा चांगला विषय कसा असावा?

उत्तरेश्वरकाठ
नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा आमच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचे विषय काढण्याचे काम माझ्याकडे आणि दोन सहकाऱ्यांकडे आले आहे. पद्धत जुनीच आहे : प्रत्येक महाविद्यालयाची एक जोडी, एक वक्ता अनुकूल बाजूने, एक प्रतिकूल बाजूने, विषय आठवडाभर आधी जाहीर, आणि विजेत्या जोडीला फिरता करंडक.

धागा काढण्याचे कारण गेल्या वर्षीची अंतिम फेरी. विषय होता ‘समाजमाध्यमे : शाप की वरदान’. पहिल्या जोडीतील मुलीने अनुकूल म्हणजे वरदान असे धरून भाषण केले. दुसऱ्या जोडीतील मुलाने, शीर्षकात ‘शाप’ आधी आला आहे म्हणून अनुकूल म्हणजे शाप, असे धरले. दोघेही ‘अनुकूल’ म्हणून उभे राहिले आणि दोघांनी एकमेकांविरुद्ध भाषणे केली. परीक्षकांनी मग चहा मागवला आणि खरा वाद त्यांच्या टेबलावर झाला.

यंदाचे चार विषय काढून ठेवले आहेत : ‘प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे’, ‘कोल्हापूर शहराची हद्दवाढ करावी’, ‘पूररेषेतील गावांचे सक्तीने पुनर्वसन करावे’ आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता मानवाच्या हिताची आहे’. यांतले कोणते ठेवण्यासारखे आहेत, आणि मुळात विषय चांगला आहे हे स्पर्धेआधी कसे ओळखावे?

दूधकट्टा
तांबडा रस्सा की पांढरा रस्सा. याहून ज्वलंत विषय या जिल्ह्यात नाही, आणि परीक्षकांचे मानधनही वाटीतूनच भागेल.

तिसरा वक्ता
दूधकट्टा, विनोद आवडला. पण मॅडमना उत्तर देण्यासाठी तुमचाच विषय उपयोगी पडतो. तांबडा आणि पांढरा या दोन्ही वाट्या एकाच ताटात येतात आणि दोन्ही पुन्हा पुन्हा वाढल्या जातात. एक घेतला म्हणून दुसऱ्याला मुकावे लागत नसेल तर दोन बाजूंची टक्करच होत नाही. फक्त दोन स्तुतिपर भाषणे होतात. ‘शाप की वरदान’चे दुखणेही हेच आहे, कारण एखादी गोष्ट एकाच वेळी दोन्ही असू शकते.

मी गेली तीन वर्षे ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीने वाद करतो आहे. तिथे विषयाला आम्ही मोशन म्हणतो आणि तो फेरीच्या फक्त पंधरा मिनिटे आधी कळतो. चार संघ असतात, दोन अनुकूल आणि दोन विरोधी, प्रत्येकात दोन वक्ते, प्रत्येक वक्त्याला सात मिनिटे. म्हणजे मोशन छप्पन्न मिनिटे पुरावे लागते. पहिल्या चार वक्त्यांनी विषय धुऊन काढला आणि मागच्या दोन संघांसाठी काही उरलेच नाही, तर तो दोष मोशनचा. त्यामुळे मोशन काढणारी मंडळी आधी स्वतःच दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून पाहतात, आणि पाचवा-सहावा वक्ता काय नवे सांगेल याचे उत्तर मिळाले नाही तर कागद फाडून टाकतात.

समतोल तपासण्याची सोयही आहे. प्रत्येक फेरीत पहिल्या संघाला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला ० गुण मिळतात, त्यामुळे मोशन समतोल असेल तर स्पर्धाभरात प्रत्येक जागेची सरासरी १.५ च्या आसपास येते. विरोधकांची सरासरी १.९ आली, तर मुले कितीही हुशार असोत, मोशन कलते होते असे समजावे. अडचण एवढीच की हे ज्ञान स्पर्धा संपल्यावर होते.

मंगळवारपेठी
उत्तरेश्वरकाठताई, तुमचा पहिला विषय वाचून गंमत वाटली, कारण १९८० च्या दशकात मी हाच विषय अनुकूल बाजूने बोललो आहे. सात मिनिटांचे भाषण पाठ होते, त्यात ज्ञानेश्वर होते, रवींद्रनाथ होते, आईच्या दुधाची उपमा होती. सभागृह माझ्या बाजूला झुकलेले मला दिसत होते.

त्यानंतर सीमाभागातली एक मुलगी प्रतिकूल बाजूने उभी राहिली. तिच्या हातात टिपणाचा कागदही नव्हता. ती म्हणाली, “माझा मातृभाषेला विरोध नाही. माझा विरोध विषयातल्या एका अक्षराला आहे.” आणि ती फळ्याकडे गेली. फळ्यावर खडूने विषय लिहिलेला होता. त्यातल्या ‘च’भोवती तिने बोटानेच एक गोल काढला, खडूची पूड बोटाला लागली ती पदराला पुसली आणि पुढची सात मिनिटे ती त्या गोलाबाहेर गेली नाही. घरात कन्नड, गल्लीत मराठी, अशा पोराची मातृभाषा शाळेच्या दाखल्यावर कोण ठरवणार? ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या मुलांचे काय? माझ्या ज्ञानेश्वर-रवींद्रनाथांपैकी कोणीही त्या ‘च’ला सोडवायला आले नाहीत. करंडक त्यांच्याकडे गेला.

तेव्हापासून कुठलाही विषय वाचला की मी आधी ‘च’, ‘फक्त’, ‘पूर्णपणे’, ‘सर्व’ हे शब्द शोधतो. तुम्हीही तो ‘च’ काढून टाका, नाहीतर अनुकूल बाजूच्या मुलांवर अन्याय होईल.

निवृत्त परीक्षक
मंगळवारपेठींची आठवण सुंदर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. ‘च’ काढून पाहा : ‘प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून व्हावे.’ आता कोल्हापुरातल्या मराठी सभागृहात, मराठीच्या प्राध्यापकांसमोर, मराठीत बोलत, त्या मुलीने काय विरोध करायचा होता? मातृभाषेतून शिक्षण वाईट असते, असे म्हणायचे होते का? ज्या बाजूला सभागृहाची सहानुभूती आपोआप मिळते तिच्यावर सिद्धतेचे ओझे थोडे जास्त टाकावेच लागते. तो ‘च’ म्हणजे हलक्या पारड्यात टाकलेला पासंग आहे. वाण्याने पासंग टाकला तर फसवणूक ठरते. तराजूच मुळात वाकडा असेल तर तोच पासंग माप सरळ करतो.

अर्थात पासंग किती जड असावा हे विषयागणिक ठरते, आणि त्यातच विषय काढणाऱ्याचे कसब असते. ऑक्सफर्ड युनियनने, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळाने, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी चर्चेला घेतलेला ठराव पाहा : हे सभागृह कोणत्याही परिस्थितीत राजा आणि देश यांच्यासाठी लढणार नाही. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दहा दिवस झाले होते. ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत झाला आणि देशभर गदारोळ उडाला. पुढच्या महिन्यात तो इतिवृत्तातून काढून टाकण्याचा प्रयत्न झाला, तोही ७५० विरुद्ध १३८ असा फेटाळला गेला. त्यातले ‘कोणत्याही परिस्थितीत’ हे शब्द म्हणजे त्यांचा ‘च’च. ते नसते तर युद्ध वाईट असते यावर सर्वांचे एकमत होऊन लोक जेवायला गेले असते.

मंगळवारपेठी
हे मान्य करतो, पण अर्धेच. ऑक्सफर्डमध्ये पासंग अनुकूल बाजूवर होता आणि तरीही अनुकूल बाजूच जिंकली. म्हणजे तिथला तराजू आपल्याला वाटतो तसा वाकडा नव्हता, किंवा पासंग पुरला नाही. विषय काढणाऱ्याला सभागृहाचा कल आधी कळतोच, असे गृहीत धरण्यात धोका आहे.

गडहिंग्लजकर
चर्चा अक्षरांवर चालली आहे. मला वक्त्यांबद्दल बोलायचे आहे. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आयत्या वेळचा विषय होता ‘उसाची एफआरपी एकरकमी द्यावी’. एफआरपी म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर; आमच्या बाजूच्या पोरांना हे घरात चुलीपुढे बसून कळलेले असते. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज आहे, हे आठवीतला पोरगाही सांगतो. समोर शहरातला एक चुणचुणीत मुलगा होता. त्याने एफआरपी म्हणजे एमआरपीचाच काही प्रकार असावा असा समज करून घेतला आणि पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या दुकानदारांवर पाच मिनिटे अतिशय ओघवते भाषण केले. सभागृह हसत होते आणि त्याला वाटत होते की आपले विनोद पोचत आहेत.

आम्ही जिंकलो, पण त्या जिंकण्यात काही चव नव्हती. गंमत अशी की आमच्या पोरांनाही ‘क्रिप्टोकरन्सीवर बंदी घालावी’ असल्या विषयांवर असेच उघडे पाडले जाते आणि तेव्हा कोणी विषयाला दोष देत नाही. खेड्यातल्या मुलांचे वाचन कमी असे म्हणून मोकळे होतात. ज्या विषयात माहिती असणे हेच जिंकणे असते, तो वादाचा विषय नाही, सामान्यज्ञानाचा आहे.

तिसरा वक्ता
गडहिंग्लजकर सर, यावर आमच्याकडे एक उपाय आहे. मोशनसोबत चार-पाच ओळींची माहिती पडद्यावर दाखवतात, तिला इन्फो स्लाइड म्हणतात. ‘एफआरपी म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, तो किती दिवसांत द्यायचा याचा नियम असा आहे, कारखान्यांची मागणी अशी आहे’, एवढे सांगितले असते तर तो मुलगा वाचला असता. मात्र तिसऱ्या ओळीनंतर स्लाइड वाढू लागली की मोशनच चुकले आहे असे समजावे, असे माझे मत आहे.

आशियाई पार्लमेंटरी पद्धतीत तर एकदम तीन मोशन देतात. दोन्ही संघ आपापला पसंतिक्रम लावतात आणि ज्याचे जे तिसरे, ते बाद होते. ज्या विषयातले काहीच कळत नाही तो नाकारण्याचा हक्क मुलांना मिळतो.

दूधकट्टा
म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हणा की.

शिरोळची लेक
मॅडम, तुमच्या तिसऱ्या विषयाबद्दल लिहायचे की नाही, असा विचार दोन दिवस केला. ‘पूररेषेतील गावांचे सक्तीने पुनर्वसन करावे’ याच्याशी मिळताजुळता विषय मला महाविद्यालयात असताना आला होता आणि चिठ्ठीत अनुकूल बाजू निघाली. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले होते, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. त्या पुरात आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होते. गावात कोणीही पुनर्वसनाला तयार नव्हते, माझे वडील तर मुळीच नव्हते, आणि मला व्यासपीठावरून त्यांना सक्तीने हलवा असे सांगायचे होते.

त्या वेळी राग आला होता. आज तो विषय मला आलेल्या सर्व विषयांत सर्वांत चांगला वाटतो. तयारी करताना मी प्रथमच वडिलांना नीट प्रश्न विचारले. ते म्हणाले, “प्लॉट देतील गं, दोन गुंठे. म्हशी कुठे बांधू? वैरण कुठे रचू? आणि रोज सहा किलोमीटर नदीकाठच्या मळीच्या रानात धारेच्या वेळेला येऊ कसा?” हे सगळे मुद्दे विरोधकांचे होते आणि ते मला घरूनच मिळाले, त्यामुळे त्यांना उत्तर देणे भाग पडले. शेवटी मी भाषणात सांगितले की पुनर्वसन म्हणजे घरापुरता प्लॉट नव्हे, त्यात गोठ्याची जागा धरली तरच सक्तीचे समर्थन करता येते. विरोधी बाजूला इचलकरंजीचा एक मुलगा होता. त्याचा पुराशी काही संबंध नव्हता, तरी तो छान बोलला. दोघांनाही त्या विषयात पुरेशी जागा होती.

पण एक विनंती आहे. चिठ्ठी निघाल्यावर माझ्यासारख्या मुलीला बाजू बदलून मागता आली पाहिजे, आणि त्याचे गुण कापले जाऊ नयेत. मी मागितली नसती. कोणी मागेल.

निवृत्त परीक्षक
शिरोळची लेक, तुमचे लिहिणे वाचून माझे एक जुने मत मी थोडे दुरुस्त करतो. सभागृहातल्या कोणाच्याही घरापर्यंत पोचेल असा विषय देऊच नये, असे मी समितीत अनेकदा म्हटले आहे. मला आता असे वाटते की घराला हात घालणारा विषय चालतो; माणूस असण्यालाच हात घालणारा चालत नाही. तुमच्या गावाने कुठे राहावे यावर वाद होऊ शकतो. एखाद्या मुलीने शिकावे की नाही, एखाद्या जातीच्या माणसाने कुठे वावरावे, यावर दोन बाजू मांडायला लावणे हा क्रूरपणा आहे, मग तो कितीही बौद्धिक व्यायाम म्हणून केलेला असो.

याच्या उलट टोकाला बिनविरोध विषय असतात. ‘हुंडाप्रथा नष्ट व्हावी’ हा विषय मी परीक्षक म्हणून किमान पाच वेळा ऐकला, आणि प्रत्येक वेळी प्रतिकूल बाजूचे पोर घामाघूम होऊन ‘प्रथा नष्ट व्हावी पण हळूहळू’ असे काहीतरी म्हणत बसले. असल्या फेरीला वादविवाद म्हणण्यापेक्षा सत्कार समारंभ म्हणणे योग्य.

मंगळवारपेठी
बिनविरोध विषयावरून आठवले. ‘कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे’ हा आमच्या काळापासूनचा हुकमी विषय. त्याची प्रतिकूल बाजू कोल्हापुरात कधी सापडलीच नाही, कारण ती पुण्यात राहत होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचचे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या फिरत्या पीठाचे, कामकाज सुरू झाले आणि विषय अर्धा निवृत्त झाला.

हद्दवाढीचे मात्र तसे नाही. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासूनच्या हद्दीचा प्रश्न आहे आणि दोन्ही बाजू याच जिल्ह्यात, बहुतेकदा एकाच घरात, नांदतात. माझी बहीण पाचगावला राहते. केएमटीची बस तिला हवी आहे, महापालिकेचा घरफाळा नको आहे, आणि मी हे बोलून दाखवले की रविवारचे जेवण बिघडते. यापेक्षा समतोल विषय शोधून सापडणार नाही.

गडहिंग्लजकर
घरफाळा तर नंतरचा प्रश्न, आधी तुमच्या शहरातले रस्ते बघा म्हणावं. गेल्या आठवड्यात रंकाळ्याकडून येताना माझ्या गाडीचा

उत्तरेश्वरकाठ
गडहिंग्लजकर, आपली गाडी सुखरूप असावी ही सदिच्छा, पण हद्दवाढीचा वाद इथेच पेटला तर स्पर्धेसाठी काही उरणार नाही. त्यावरून विषय चांगला आहे एवढे सिद्ध झाले, असे समजते.

सर्वांचे वाचून व्याकरणाच्या शिक्षिकेला सुचलेली एक गोष्ट लिहिते. निबंधाचा विषय नाम असते : ‘समाजमाध्यमे’, ‘माझी मातृभाषा’, ‘पूर : एक आपत्ती’. वादाचा विषय वाक्य असावे लागते, आणि त्या वाक्यातले क्रियापदच भांडण ठरवते. ‘करावे’, ‘व्हावे’, ‘घालावी’ असा विध्यर्थ आला की अनुकूल बाजूला काहीतरी बदलून दाखवावे लागते : कोण करणार, कसे करणार, न केल्यास काय होईल. ‘आहे’ आला की बदलायचे काही नसते, फक्त मोजायचे असते, आणि मग कशाने मोजायचे यावरच अर्धी फेरी जाते. माझा चौथा विषय, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता मानवाच्या हिताची आहे’, तिथेच बसला होता. ‘मानव’ कोण आणि ‘हित’ कोणते हे मलाच सांगता आले नसते. तो काढून टाकला.

तिसरा वक्ता
मॅडम, हे वाक्य-नाम प्रकरण आमच्या गटात आजच पाठवतो. एकच पुरवणी : ‘आहे’वाली मोशन पूर्ण टाकाऊ नसतात. ‘अमुक गोष्टीचा या सभागृहाला खेद वाटतो’ असा एक प्रकार आम्ही वापरतो. त्यात ती गोष्ट घडलीच नसती तर जग कसे असते, हे दोन्ही बाजूंना रंगवावे लागते. ‘शालेय निकालातील गुणवत्ता याद्यांच्या प्रसिद्धीचा या सभागृहाला खेद वाटतो’ असे काही घेता येईल. मात्र हे सराव असलेल्या मुलांनाच द्यावे. नवख्यांच्या हातात ते निबंध होऊन बसते.

उत्तरेश्वरकाठ
आज समितीची बैठक झाली. ठरलेले असे : मातृभाषेच्या विषयातला ‘च’ ठेवला आहे, दोन विरुद्ध एक मताने, आणि विरोधातले एक मत माझे होते. हद्दवाढ ठेवली आहे. पुनर्वसनाचा विषय ठेवला आहे आणि बाजू बदलून मागण्याची तरतूद नियमावलीत घातली आहे. शिरोळची लेक, तुमचे आभार. चौथ्याच्या जागी ‘महाविद्यालयीन गृहपाठात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरास परवानगी द्यावी’ असा विषय घेतला. पाचवा ‘पंचगंगेत गणेशमूर्तींच्या विसर्जनावर पूर्ण बंदी घालावी’. सहावा अजून सुचलेला नाही.

निवृत्त परीक्षक
पाचव्यातला ‘पूर्ण’ हा पासंग कोणासाठी आहे? इराणी खणीत विसर्जन करणारी मंडळे आणि घरगुती मूर्ती नदीवर नेणारी कुटुंबे, या दोघांवर एकच बंदी लादायची की नाही यावरच फेरी रंगेल. मला तो शब्द आवडला. पण त्याचे उत्तर समितीकडे आधी तयार असावे, नाहीतर परीक्षक पुन्हा चहा मागवतील.

उत्तरेश्वरकाठ
‘पूर्ण’मध्ये घरगुती मूर्ती धरल्या आहेत. जाहीर करताना तशी एक ओळ खाली छापते.

दूधकट्टा
सहावा विषय माझ्याकडून, आणि या वेळी वाक्यात, विध्यर्थासह : ‘ताटात तांबडा आणि पांढरा यांपैकी एकच रस्सा द्यावा.’ आता तरी एक घेतला की दुसऱ्याला मुकावे लागते ना?

तिसरा वक्ता
मोशन म्हणून निर्दोष आहे. अनुकूल बाजूसाठी मात्र वक्ता बाहेरगावाहून आणावा लागेल.

मंगळवारपेठी
पुण्याहून मिळेल.

उत्तरेश्वरकाठ
पत्रक उद्या दुपारी छापायला जाते आहे. ‘कोल्हापुरात जड वाहनांना दिवसा शहरबंदी करावी’ असा सहावा विषय सध्या लिहून ठेवला आहे. ‘जड’ची व्याख्या कोणाला नीट सुचत असेल तर आज रात्रीपर्यंत लिहावी.